हिमालयापासून सागरापर्यंत : आचार्य काकासाहेब कालेलकर

दरवर्षी गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत एका थोर व्यक्तीचा परिचय करून द्यायचा, हा आपल्या मंडळाचा शिरस्ता आहे. यंदाचे नाव आम्हाला एका शाळकरी मुलीमुळे सुचले. ती सौंसरच्याच एका घरातली. नववीच्या हिंदीच्या पुस्तकात तिला चिखलावरचा एक धडा होता. चिखलाकडे सगळे नाक मुरडतात, पण त्यातही सौंदर्य असते आणि आपले अन्न त्यातूनच येते, असा त्या धड्याचा आशय. खाली लेखकाचे नाव होते काका कालेलकर. हे तर मराठी आडनाव, मग धडा हिंदीच्या पुस्तकात कसा, असे तिने आजोबांना विचारले. आजोबांना नाव माहीत होते, पण पुढचे फारसे सांगता आले नाही. आम्हा कार्यकर्त्यांपैकीही बहुतेकांची तीच गत झाली. म्हणून यंदाचा लेख काकासाहेबांवर.

काकासाहेबांना नद्यांचे वेड होते. देशातली जी मोठी नदी असेल तिच्या काठी जावे, तिचे पाणी डोक्याला लावावे, तिचा उगम आणि तिचे मुख पाहावे आणि मग तिच्यावर लिहावे, असा त्यांचा आयुष्यभराचा छंद. त्यांचे चरित्रही नद्यांच्या काठाकाठाने सांगितले तर लवकर समजते, असे आम्हाला वाटले.

दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर यांचा जन्म १ डिसेंबर १८८५ रोजी साताऱ्याला झाला. घराण्याचे मूळ सावंतवाडीकडच्या कालेली गावचे, पुढे ते बेळगावजवळ बेळगुंदीला स्थिरावले. वडील सरकारी खजिन्याच्या हिशेबखात्यात होते. त्यांच्या बदल्यांमुळे छोट्या दत्तूचे लहानपण सातारा, कारवार, धारवाड, बेळगाव असे ठिकठिकाणी गेले. साताऱ्याला कृष्णा आणि माहुलीचा संगम, बेळगुंदीला मार्कंडी, कारवारला समुद्राला मिळणारी काळी नदी. या साऱ्या सह्याद्रीच्या लेकी. घरात मराठी, बाहेर कानडी आणि कोकणी, हेही त्या मुलाच्या कानावर तेव्हापासून पडत राहिले.

सह्याद्रीच्या नद्या आणि आपल्या सातपुड्याच्या नद्या यांची एक गोष्ट सारखी आहे. त्या पावसावर जगतात. आपली जामच बघा. श्रावण-भाद्रपदात ती दोन्ही थड्या धरून वाहते, पांढुर्ण्याच्या गोटमारीच्या दिवसांत तिचा जोर डोळ्यांत भरतो, आणि चैत्र-वैशाखात पात्रात गोटे उघडे पडतात. संत्र्याच्या बगीच्याला पाण्याची खरी गरज लागते तेव्हाच नदी हात वर करते. म्हणून विहिरी खोल गेल्या, बोअर त्याहून खोल गेले. ज्येष्ठाच्या कडक उन्हात नदीचे पाणी वाढू शकते, हे आपल्याकडच्या माणसाला सांगून पटायचे नाही. हिमालयातल्या नद्यांचे मात्र तसेच आहे. ऊन वाढले की बर्फ वितळते आणि पाऊस यायच्या आधीच नदी भरू लागते. ही नवलाई काकासाहेबांनी ऐन सत्ताविशीत प्रत्यक्ष पाहिली. मात्र ते तिथवर कसे पोहोचले, हे आधी सांगायला हवे.

पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून तत्त्वज्ञान घेऊन ते १९०७ साली पदवीधर झाले. तो लोकमान्य टिळकांच्या चळवळीचा काळ. तरुण दत्तात्रेय राष्ट्रीय विचारांनी भारलेले. बेळगावच्या गणेश विद्यालयात त्यांनी शिकवले, राष्ट्रमत या वृत्तपत्रात काम केले आणि १९१० च्या सुमारास बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात शिक्षक म्हणून गेले. बॅरिस्टर केशवराव देशपांडे यांच्या देखरेखीखाली चालणारी ती राष्ट्रीय शाळा होती. विद्यार्थ्यांना शाळा घरासारखी वाटावी म्हणून तिथे शिक्षकांना नात्यांची नावे दिलेली असत. कोणी मामा, कोणी अण्णा. कालेलकरांच्या वाट्याला काका हे नाव आले आणि ते जन्मभर टिकले. पुढे हरिजनसेवेसाठी प्रसिद्ध झालेले मामासाहेब फडके हेही याच शाळेतले मामा.

इंग्रज सरकारच्या डोळ्यांत ही शाळा सलू लागली आणि दडपणामुळे ती बंद करावी लागली. ज्या कामासाठी घरदार दूर ठेवले ते कामच संपले. काकासाहेबांचे मन उदास झाले. १९१२ साली त्यांनी हिमालयाची वाट धरली. सोबत अनंतबुवा मर्ढेकर होते आणि स्वामी आनंद येऊन मिळाले. इथे एक गोष्ट आम्हाला सांगावीशी वाटते. काकासाहेब तेव्हा गृहस्थ होते. मागे पत्नी लक्ष्मीबाई होत्या, संसार होता. थोरांच्या चरित्रात घर सोडून जाणाऱ्याचे कौतुक होते आणि घर धरून बसणारीचे नाव एका ओळीत उरकते. लक्ष्मीबाईंनी ते दिवस कसे काढले असतील याचा विचार आपल्या घरातल्या आयाबायांना पटकन सुचेल. पुढे त्या साबरमतीच्या आश्रमात आल्या आणि तिथले कठीण व्रतस्थ जीवनही त्यांनी पेलले.

त्या काळी हरिद्वार आणि डेहराडूनपर्यंत आगगाडी होती, पुढचा सारा प्रवास पायी. यमुनोत्री, गंगोत्री, केदारनाथ, बद्रीनाथ अशी चारी धामांची यात्रा त्यांनी केली. काही वर्षांनी आश्रमातल्या मुलांच्या हस्तलिखित मासिकासाठी त्यांनी या प्रवासाच्या आठवणी गुजरातीत लिहिल्या. त्याचे पुस्तक झाले, त्याचा मराठी अवतारही निघाला. प्रवासवर्णन म्हणून ते आजही वाचनीय आहे.

काकासाहेब ज्या गंगेच्या काठाने चालले, तिचा भूगोल थोडक्यात पाहू. गंगोत्रीचे देऊळ समुद्रसपाटीपासून सुमारे ३,१०० मीटर उंचीवर आहे. तिथून आणखी १८ किलोमीटर वर गोमुख. गंगोत्री हिमनदी सुमारे ३० किलोमीटर लांबीची आहे आणि तिच्या तोंडातून जी धार बाहेर पडते ती भागीरथी. हिमनदी म्हणजे साचून घट्ट झालेल्या बर्फाचा प्रवाह. तो अतिशय सावकाश खाली सरकतो, खडक खरवडतो आणि त्यांचा भुगा करतो. म्हणून उगमाशी गंगेचे पाणी आपण समजतो तसे नितळ नसते, त्यात दगडाचे बारीक पीठ मिसळलेले असते.

दुसरी मोठी धारा अलकनंदा. ती बद्रीनाथच्या वरच्या सतोपंथ आणि भगीरथ खरक या हिमनद्यांतून येते. केदारनाथकडची मंदाकिनी रुद्रप्रयागला तिला मिळते. भागीरथी आणि अलकनंदा देवप्रयागला एकत्र येतात आणि तिथून पुढे गंगा हे नाव सुरू होते. म्हणजे आपण जिला गंगा म्हणतो ती गंगोत्रीला गंगा नसतेच, तिला हे नाव पुष्कळ खाली येऊन मिळते.

हरिद्वारला गंगा डोंगरातून मैदानात उतरते. तिथूनच १८५४ साली सुरू झालेला मोठा कालवा निघतो, आणि गंगा-यमुनेच्या दुआबातली शेती त्यावर उभी आहे. प्रयागला यमुना मिळते. यमुनेबरोबर चंबळ, बेतवा आणि केन यांचे पाणीही आलेले असते, म्हणजे इंदूर, भोपाळ आणि सागरकडच्या पावसाचे. पुढे बिहारात अमरकंटककडून आलेला शोण मिळतो. आपल्या मध्य प्रदेशाचा मोठा भाग असा गंगेच्या कुटुंबातला आहे. आपण सौंसरकर मात्र सातपुड्याच्या दक्षिण उतारावरचे. आपली जाम कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. वैनगंगा आणि वर्धा एक झाल्या की प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. गंगाही त्याच उपसागराला जाते. वाट वेगळी, पण पोहोचायचे ठिकाण एकच.

काशीला गंगा उत्तरवाहिनी होते. पुढे घाघरा, गंडक आणि कोसी या हिमालयातल्या नद्या तिला येऊन मिळतात. कोसीने दोन-अडीचशे वर्षांत आपले पात्र शंभराहून अधिक किलोमीटर पश्चिमेकडे सरकवले, इतका गाळ ती आणते. बंगालात शिरल्यावर गंगेला फाटे फुटतात. एक फाटा भागीरथी आणि हुगळी या नावांनी कोलकात्यावरून सागर बेटाशी समुद्राला मिळतो. तिथे मकर संक्रांतीला गंगासागरची जत्रा भरते. मुख्य प्रवाह पद्मा या नावाने बांगलादेशात जातो, ब्रह्मपुत्रेला आणि मग मेघनेला मिळून सागरात विसावतो. हुगळीला पाणी पुरावे म्हणून १९७५ साली फराक्का येथे धरण सुरू झाले. उगमापासून मुखापर्यंत ही सारी लांबी सुमारे २,५२५ किलोमीटर. भारताच्या भूमीचा चौथ्याहून अधिक हिस्सा तिच्या खोऱ्यात येतो. मुखाशी तिने आणि ब्रह्मपुत्रेने मिळून जगातला सर्वांत मोठा त्रिभुज प्रदेश घडवला आहे, आणि सुंदरबनचे जंगल त्याच गाळावर उगवलेले आहे. हिमनदीने खरवडलेले दगडाचे पीठ शेवटी इथे येऊन जमीन होते. चिखलाची थोरवी काकासाहेबांनी उगीच सांगितली नाही. नद्यांचे काठ आणि त्यांची मुखे ज्याने डोळसपणे पाहिली, त्यालाच ते लिहिता आले असते.

हिमालयातून परतल्यावर ते काही काळ रवींद्रनाथ ठाकुरांच्या शांतिनिकेतनात राहिले. तिथे १९१५ च्या फेब्रुवारीत त्यांची गांधीजींशी भेट झाली. दक्षिण आफ्रिकेतून नुकतेच आलेले गांधीजी आणि हिमालयातून आलेले काकासाहेब. एकांताचा शोध तिथे संपला आणि लोकांमधले काम सुरू झाले. साबरमतीच्या आश्रमशाळेत ते शिकवू लागले, पुढे गुजरात विद्यापीठाचे कुलनायक झाले.

गुजरातेत राहायचे तर गुजराती नीट आली पाहिजे, म्हणून त्यांनी ती शिकून घेतली. अशी शिकले की त्या भाषेतले एक मोठे गद्यलेखक ठरले. गुजराती शब्दांच्या लेखनात तेव्हा मोठा गोंधळ होता. गांधीजींनी तो निस्तरण्याचे काम विद्यापीठाकडे दिले आणि त्या कामात काकासाहेबांचा मोठा वाटा होता. १९२९ साली विद्यापीठाचा जोडणीकोश निघाला आणि गुजरातीचे शुद्धलेखन त्यावर ठरू लागले. एका मराठी माणसाने गुजराती लोकांना त्यांच्या भाषेचे शुद्धलेखन लावून द्यावे, ही लहान गोष्ट नव्हे. गांधीजी कौतुकाने त्यांना सवाई गुजराती म्हणत.

नद्यांवरचे त्यांचे लेख १९३४ साली लोकमाता या नावाने गुजरातीत आले. पुढे त्यात भर पडून जीवनलीला हे मोठे पुस्तक झाले. गंगा, यमुना, कृष्णा, गोदावरी, गिरसप्प्याचा धबधबा आणि लहानपणीची बेळगुंदीची मार्कंडी, सगळ्या त्यात आहेत. गंगेइतकेच प्रेम त्यांनी मार्कंडीवर केले, हे आम्हाला विशेष वाटते. गंगेवर कोणीही लिहील. घरामागची नदी लिहिण्याजोगी आहे हे ध्यानात यायला हवे.

स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी अनेकदा तुरुंगवास भोगला. १९३० साली येरवड्याला ते गांधीजींच्या सोबत होते. बेळगावजवळच्या हिंडलगा तुरुंगातल्या मुक्कामातून हिंडलग्याचा प्रसाद हे मराठी पुस्तक झाले. मराठी त्यांनी सोडली नव्हती, हे यावरून दिसते.

त्यानंतरचा त्यांचा मोठा मुक्काम आपल्या शेजारचा, वर्ध्याचा. ज्या वर्धा नदीवरून त्या गावाला नाव मिळाले ती आपल्याजवळच मुलताईच्या डोंगरात उगम पावते. त्याच मुलताईला ताप्तीही उगम पावते आणि ती मात्र पश्चिमेच्या समुद्राला जाते. १९३६ साली वर्ध्याला राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली. हिंदीचा प्रसार देशभर व्हावा म्हणून काकासाहेब गावोगाव फिरले. नागरी लिपी छपाईला सोपी व्हावी यासाठी अ ची बाराखडी त्यांनी पुरस्कारली. ती सर्वत्र रुजली नाही, पण आपल्या आजोबांच्या पिढीतल्या काहींनी तशी छापलेली पुस्तके वाचलेली असतील. वर्ध्यात काकावाडी हे नाव अजून टिकून आहे.

स्वातंत्र्यानंतर १९५२ पासून १९६४ पर्यंत ते राज्यसभेचे सदस्य होते. देशातल्या पहिल्या मागासवर्ग आयोगाचे अध्यक्षपद १९५३ साली त्यांच्याकडे आले. आयोगाने देशभर हिंडून १९५५ साली अहवाल दिला आणि २,३९९ जाती-जमाती मागास म्हणून नोंदवल्या. पण अहवालासोबत राष्ट्रपतींना लिहिलेल्या पत्रात काकासाहेबांनी स्वतःच जातीच्या आधाराबद्दल शंका घेतली. अध्यक्षच आपल्या अहवालामागे ठाम उभे राहिले नाहीत, असा आक्षेप त्यांच्यावर पुष्कळांनी घेतला आणि तो सहज झटकून टाकण्यासारखा नाही. अहवालाची अंमलबजावणी झाली नाही आणि तो प्रश्न पुढच्या पिढीवर पडला. थोरांचे चरित्र सांगताना हेही सांगितले पाहिजे.

१९६४ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि पुढच्या वर्षी जीवनव्यवस्था या गुजराती ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार. अखेरची वर्षे ते दिल्लीत राजघाटाजवळच्या सन्निधी या वास्तूत राहिले. जवळून यमुना वाहते, तीच यमुना जिचा उगम त्यांनी तरुणपणी पायी जाऊन पाहिला होता. २१ ऑगस्ट १९८१ रोजी, वयाच्या ९६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पश्चात गंगेचे काय झाले, हे सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. ते हिमालयात गेले त्या काळात गोमुख आजच्यापेक्षा बरेच खाली होते. गोमुखाची शास्त्रीय मोजणी १९३५ पासूनची आहे आणि तेव्हापासून हिमनदीचे तोंड सरासरी दरवर्षी सुमारे वीस मीटर मागे सरकत आले आहे. मैदानातल्या गंगेचे बहुतेक पाणी पावसाचे आणि जमिनीतून झिरपणारे असते, त्यामुळे बर्फ घटले म्हणून गंगा लगेच आटणार नाही. परंतु डोंगरातल्या गावांना उन्हाळ्यात बर्फाच्याच पाण्याचा आधार असतो, आणि वितळणारे बर्फ कधी कधी एकदम धोकाही आणते. २०१३ च्या जूनमध्ये अतिवृष्टीत केदारनाथच्या वरचा चोराबारी तलाव फुटला आणि हजारो माणसे गेली. आपल्याकडूनही दरवर्षी यात्रेकरू चारधामला जातात. त्यांनी हे जाणून जावे.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. मराठी माणसाचा धडा हिंदीच्या पुस्तकात कसा? आपल्या सौंसर-पांढुर्ण्यात हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात वेगळ्या रूपात उभा आहे. आपली घरे इथे पिढ्यान्‌पिढ्यांची. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यापासून आपण इथेच आहोत. राज्ये बदलली, प्रांत बदलले, २०२३ साली जिल्हाही छिंदवाड्याचा पांढुर्णा झाला. घरात मराठी, शाळेत हिंदी, कचेरीत हिंदी. मुले आता भावंडांशीही हिंदीत बोलतात. काही घरांत आजीचे बोलणे नातवाला अर्धेच कळते. यावर दोन टोकांची मते आपल्या बैठकांत नेहमी ऐकू येतात. कोणी म्हणतात, हिंदीने आपले नुकसान केले. कोणी म्हणतात, मराठीचा हट्ट आता कशाला.

काकासाहेबांचे आयुष्य पाहता दोन्ही मते आम्हाला अपुरी वाटतात. ते गुजरातीत गेले ते पाहुण्यासारखे राहायला नव्हे, तिथले होऊन राहिले. हिंदीसाठी ते देशभर हिंडले. तरी मार्कंडी विसरले नाहीत आणि मराठीत लिहायचेही सोडले नाही. गंगेला वाटेत किती नावे मिळतात हे आपण वर पाहिलेच. भागीरथी, गंगा, पद्मा, मेघना. प्रत्येक ठिकाणचे लोक तिला आपलीच मानतात. पण गोमुखाशी धार वाहती राहिली तरच हे सारे. आपल्या मुलांच्या बाबतीत गोमुख म्हणजे घर. शाळा आणि बाजार हिंदी देतील, मराठी घरानेच द्यायची आहे.

म्हणून यंदा मंडळाने एक छोटे काम ठरवले आहे. उत्सवाच्या दहा दिवसांत आरतीनंतर रोज एका घरातल्या ज्येष्ठांनी आपल्या गावच्या नदी-नाल्याची, विहिरीची किंवा बगीच्याची एक आठवण मुलांना मराठीत सांगावी. मुलांनी ती घरी जाऊन मराठीतच लिहून आणावी. चुका झाल्या तरी चालतील. सगळ्या आठवणी पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत छापू. ज्या मुलीने आम्हाला काकासाहेबांची आठवण करून दिली, तिने जामवर लिहायचे कबूल केले आहे.

अनंत चतुर्दशीला आपण बाप्पाला निरोप देऊ, तेव्हा मातीच्या मूर्तीची माती जामच्या पाण्यात मिसळेल. ती कन्हान, वैनगंगा, प्राणहिता आणि गोदावरी अशी वाट काढत सागराला जाईल. पुढच्या वर्षी लवकर या म्हणताना ही वाट मुलांना जरूर सांगा.

गणपती बाप्पा मोरया!